संत्र्याच्या सालीवर पेक्टिनेज: बुरशी निवडण्यापासून रसातल्या चाचणीपर्यंत

काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात संत्र्याचा हंगाम लागला की रस काढणाऱ्या युनिटच्या मागे सालींचे ढीग साचतात. दोन दिवसांत त्यांना वास सुटतो, आणि ते उचलून नेण्याचा खर्च वेगळा बसतो. पण या सालीच्या कोरड्या वजनातला पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, निव्वळ पेक्टिन असतं, म्हणजे फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा चिकट पदार्थ. ज्या बुरशीला पेक्टिन खायला मिळतं ती ते पचवण्यासाठी पेक्टिनेज बाहेर सोडते. हे एन्झाइम डाळिंब, द्राक्ष, सफरचंद, पेरू, केळी यांच्या गढूळ, चिकट रसाला पातळ आणि नितळ करतं.

हा लेख मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा फूड टेक्नॉलॉजीच्या प्रोजेक्टसाठी लॅबमध्ये उतरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. फळप्रक्रिया करणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल. एक गोष्ट आधीच सांगतो. पेक्टिनेज तयार करणं अवघड नाही. गव्हाचा कोंडा, साल आणि चांगली बुरशी असली की चार दिवसांत ते तयार होतं. अवघड आहे ते मोजणं. प्रोजेक्टच्या वह्यांमध्ये ‘४०० युनिट प्रति ग्रॅम’ असे आकडे सर्रास असतात, पण ते कशाच्या एका ग्रॅमवर, किती मिनिटांत, कुठल्या ब्लँकवर (वजा करायच्या तुलनेच्या नळीवर) काढले याची नोंद नसते. म्हणून या लेखात मोजणीला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

कोंड्यावर बुरशी वाढवून एन्झाइम काढण्याची पद्धत जुनी आहे. जपानमध्ये तांदळावर ‘कोजी’ बुरशी लावण्याची परंपरा होतीच. जोकिची ताकामिने यांनी अमेरिकेत तांदळाऐवजी गव्हाचा कोंडा वापरून ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीपासून डायास्टेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) काढलं आणि १८९४ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. आपण खाली जे करणार आहोत त्याचा पाया तोच आहे. फक्त बुरशी आणि एन्झाइम बदललं आहे.

आधी एन्झाइम ओळखा

‘पेक्टिनेज’ हे एका एन्झाइमचं नाव नाही. पेक्टिन म्हणजे गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाच्या कड्यांची लांब साखळी, आणि त्यातल्या बऱ्याच कड्यांना मिथाइल गट चिकटलेले असतात. पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज ही साखळी पाण्याच्या मदतीने तोडतं. पेक्टिन लायेज मिथाइलयुक्त साखळी थेट तोडतं. पेक्टिन मिथाइलएस्टरेज साखळीला हात लावत नाही, ते फक्त मिथाइल गट सोडवतं, आणि त्यातून थोडं मिथेनॉल बाहेर पडतं. वाइनसाठी एन्झाइम बनवणार असाल तर हे तिसरं काम किती होतं यावर लक्ष ठेवावंच लागतं.

आपण सालीचं एन्झाइम संत्र्याच्या रसासाठी बनवत नाही. संत्र्याच्या रसाला त्याचा गढूळपणा हवा असतो. तो तळाला बसून वर पाणी सुटलं तर ग्राहक बाटली परत ठेवतो. नितळपणा लागतो तो सफरचंदाच्या, द्राक्षाच्या, डाळिंबाच्या रसाला.

बुरशी कुठून आणायची

पहिल्यांदा काम करणाऱ्यांनी नोंद असलेली बुरशी विकत आणावी. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि चंदीगडला इम्टेक या संस्थेत एमटीसीसी हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. ॲस्परजिलस नायगरचे पेक्टिनेजसाठी वापरले गेलेले वाण कोणते, हे त्यांच्या यादीत पाहून किंवा विचारून घ्या.

कुजलेल्या संत्र्यावरून स्वतःची बुरशी वेगळी करायची हौस बहुतेकांना असते, आणि शिकण्यासाठी ते चांगलंच आहे. कुजलेल्या भागाचा तुकडा निर्जंतुक पाण्यात हलवा, दहा-दहा पटींनी पातळ करत जा आणि ज्या आगारमध्ये पेक्टिन हाच एकमेव कार्बनस्रोत आहे त्यावर पसरा. ३० अंशांना तीन दिवस ठेवा. मग प्लेटवर आयोडीन–पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण ओता. जिथे पेक्टिन शिल्लक आहे तो भाग गडद दिसतो, आणि जिथे बुरशीने ते खाल्लं तिथे वसाहतीभोवती फिकट वलय उमटतं. वलयाचा व्यास भागिले वसाहतीचा व्यास, या गुणोत्तरावर निवड करा. आयोडीनने बुरशी मरू शकते, म्हणून प्रत्येक वसाहतीची प्रत आधीच दुसऱ्या प्लेटवर काढून ठेवा. प्लेटवर मोठं वलय देणारी बुरशी कोंड्यावरही पहिली येईलच असं नाही, म्हणून वरच्या चार-पाच पुढे न्या.

आता धोक्याचं. काळी दिसणारी प्रत्येक ॲस्परजिलस ही नायगर नसते. या गटातल्या अनेक जाती डोळ्यांना आणि सूक्ष्मदर्शकालाही सारख्याच दिसतात. बुरशी ओळखायला नेहमी वापरतात त्या आयटीएस जनुकक्रमावरूनही त्या नीट वेगळ्या होत नाहीत, कॅल्मोड्युलिन जनुकाचा क्रम काढावा लागतो. नायगरचे काही वाण ऑक्राटॉक्सिन ए आणि फ्युमोनिसिन बी२ ही विषं बनवतात. हिरवट-पिवळी फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन बनवते आणि ती ओरायझीची अगदी जवळची नातलग आहे. त्यामुळे स्वतः वेगळ्या केलेल्या बुरशीचं एन्झाइम कितीही जोरदार निघालं, तरी ते घातलेला रस कोणी चाखायचा नाही. लॅबमध्ये तर कुठल्याच नमुन्याची चव घ्यायची नाही.

स्पोअर, म्हणजे बुरशीचे बारीक बीजकण, हवेत उडतात. फ्लास्क उघडणं, खरवडणं, पातळ करणं ही सगळी कामं बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये करा. कपडे-केसांवर उडालेली काळी भुकटी घरी नेऊ नका. दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांना हे काम देऊ नये. त्यांना मोजणीचं काम द्यावं. वापरलेला कोंडा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय कचऱ्यात जाता कामा नये.

साल आणि कोंडा

संत्र्याच्या सालीतलं तेल, म्हणजे मुख्यतः लिमोनीन, बुरशीच्या वाढीला आडवं येतं. शिवाय सालीला चिकटलेला गर साखर घेऊन येतो, आणि सोपी साखर मिळाली की बुरशी पेक्टिनेज बनवायला आळस करते. म्हणून साल बारीक चिरून गरम पाण्याने दोनदा धुवा, पिळा आणि ५० ते ६० अंशांच्या ओव्हनमध्ये कडकडीत वाळवा. मिक्सरमधून काढताना रव्याइतकी जाडी ठेवा. पिठासारखी केली तर ओली झाल्यावर तिचा गोळा होतो, हवा आत शिरत नाही आणि बुरशी फक्त वरवर वाढते.

कोंडा सात भाग आणि साल तीन भाग, इथून सुरुवात करा. कोंडा नायट्रोजन देतो आणि मिश्रण मोकळं ठेवतो, साल पेक्टिन देते. नुसत्या सालीवर वाढ बहुधा खुरटते.

२५० मि.लि.च्या शंकूपात्रात १० ग्रॅम मिश्रण घ्या. क्षारांच्या द्रावणासाठी एक लिटर पाण्यात अमोनियम सल्फेट ५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ०.५ ग्रॅम घाला, पीएच ५ करा. हे द्रावण किती घालायचं, हा खरा प्रश्न. मिश्रणात आधीच साधारण १० टक्के ओल असते, म्हणजे १० ग्रॅममध्ये १ ग्रॅम पाणी. त्यात १३ मि.लि. द्रावण आणि नंतर १ मि.लि. स्पोअर घातले की एकूण वजन २४ ग्रॅम आणि त्यात पाणी १५ ग्रॅम, ओल ६२.५ टक्के झाली. ५५ ते ६५ टक्के ही बुरशीच्या आवडीची पट्टी आहे. हाताने पडताळायचं असेल तर ओलं मिश्रण मुठीत दाबा: मूठ उघडल्यावर त्याचा आकार राहिला पाहिजे, बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे आणि बोटांच्या फटीतून पाणी गळता कामा नये. पाणी गळलं तर पुढे जीवाणूच माजणार.

तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. द्रव माध्यमासाठीची १५ मिनिटं इथे पुरत नाहीत. कोंड्यात उष्णता हळू शिरते आणि कोंड्यातले बॅसिलसचे स्पोअर चिवट असतात. थंड झाल्यावर फ्लास्क आपटून मिश्रण मोकळं करा.

स्पोअर मोजून घालणे

बटाटा-डेक्स्ट्रोज आगारच्या तिरक्या नळीवर बुरशी ३० अंशांना पाच ते सात दिवस वाढवा, सगळीकडे काळी झाली पाहिजे. तिच्यावर १० मि.लि. निर्जंतुक पाणी ओता. पाण्यात ०.०५ टक्के ट्वीन-८० (साबणासारखं द्रव्य) हवंच, नाहीतर स्पोअर पाण्यावर तरंगत राहतात. लूपने हलकेच खरवडा, निर्जंतुक कापसातून गाळा म्हणजे तंतू मागे राहतील.

न्यूबॉर चेंबरमध्ये, म्हणजे चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचपट्टीवर, मोजणी करा. समजा १०० पट पातळ केलेल्या नमुन्यात मधल्या चौकोनाच्या २५ घरांपैकी ५ घरांत मिळून ८० स्पोअर दिसले. पूर्ण चौकोनात ४०० झाले. गुणिले १०,०००, म्हणजे मि.लि.ला ४० लाख. गुणिले १००, म्हणजे मूळ द्रावणात मि.लि.ला ४० कोटी. आपल्याला दर ग्रॅमला १ कोटी हवेत, म्हणजे १० ग्रॅमच्या फ्लास्कला १० कोटी. मूळ द्रावण चौपट पातळ करा आणि १ मि.लि. घाला. ‘एक लूपभर’ किंवा ‘एक डिस्क’ टाकून काम होतं, पण मग दोन फ्लास्कमधला फरक बुरशीमुळे पडला की तुमच्या हातामुळे, हे कधीच कळत नाही.

चार-पाच दिवसांची उबवण

३० अंशांवर ठेवा. पहिल्या २४ तासांत पांढरे तंतू दिसतात. या वेळी फ्लास्क एकदा तळहातावर आपटून गोळे फोडा, कारण आत उष्णता साचू लागलेली असते. दुसऱ्या दिवशी तंतू सगळा कोंडा बांधून टाकतात आणि तिसऱ्या दिवसापासून काळेपणा चढतो. विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यात इनक्युबेटरमधली हवा इतकी कोरडी होते की कोंडा वाळून बुरशी अर्ध्यावर थांबते. खालच्या कप्प्यात पाण्याचा ट्रे ठेवला तर हे टळतं.

फ्लास्कमधून थोडा-थोडा नमुना काढायचा नाही. कोंडा सगळीकडे सारखा नसतो, आणि एकदा उघडल्यावर संसर्ग शिरतो. दर वेळी पूर्ण फ्लास्कच खर्ची घाला. २४, ४८, ७२, ९६ आणि १२० तास, प्रत्येक वेळेला तीन फ्लास्क, म्हणजे पंधरा. सोबत तीन फ्लास्क बुरशी न घातलेले, तेवढेच दिवस उबवलेले. या तिघांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, पण कोंड्यातून आणि सालीतून आपोआप किती साखर सुटते हे तेच सांगतात.

बहुधा ७२ ते ९६ तासांच्या आसपास एन्झाइमची क्रिया शिखरावर येते आणि मग उतरते. म्हातारे तंतू फुटतात आणि त्यातून सुटलेलं प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) आपल्याच एन्झाइमला खातं. तुमच्या बुरशीचं शिखर तुमच्या आलेखावरूनच ठरवा. पुढे ट्रेमध्ये करायचं झालं तर थर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवू नका. जाड थराचा मधला भाग तापून बुरशी तिथेच मरते.

अर्क काढणे

फ्लास्कमध्ये १०० मि.लि. ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट बफर, पीएच ५, घाला. काचेच्या कांडीने गोळे फोडा आणि शेकरवर १५० फेऱ्यांवर ४५ मिनिटं हलवा. दुहेरी मलमलच्या कापडातून गाळून नीट पिळा. मग ४ अंशांवर, १०,००० जी वेगाने १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. वरचं चहासारखं तपकिरी पाणी म्हणजे तुमचं कच्चं एन्झाइम. स्पोअर राहू नयेत म्हणून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. किती मि.लि. हाती आलं ते लगेच लिहा, कारण कोंडा बरंच पाणी धरून ठेवतो आणि १०० घातले तर ८० परत येणं नेहमीचं आहे.

अर्क बर्फात ठेवा. आठवड्याच्या कामासाठी ४ अंशांवर, त्यापुढे छोट्या छोट्या भागांत उणे २० अंशांवर. काही ठिकाणी तो टिकवण्यासाठी सोडियम अझाइड घालतात. ते जहाल विष आहे. रसावर वापरायच्या नमुन्यात ते कदापि नको.

मोजणी

नेहमीची पद्धत डीएनएसची (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाची), मिलर यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या रूपाला जवळची. साखळी तुटली की प्रत्येक तुटीला एक अपचायक (रिड्यूसिंग) टोक मोकळं होतं. डीएनएस त्याच्याशी उकळत्या पाण्यात तांबडं-तपकिरी होतं आणि तो रंग ५४० नॅनोमीटरला वाचायचा.

डीएनएस अभिकर्मक: १ ग्रॅम डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल २० मि.लि. २ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा, ५० मि.लि. पाणी घाला, ३० ग्रॅम रोशेल क्षार घाला आणि १०० मि.लि. करा. गडद बाटलीत ठेवा.

सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ: ०.५ टक्के पॉलिगॅलॅक्ट्युरोनिक आम्ल, ०.१ मोलर ॲसिटेट बफरमध्ये. भुकटी थेट पाण्यात टाकली तर तिच्या गुठळ्या होतात, आतून कोरड्या. आधी काही थेंब अल्कोहोलने ती भिजवा, मग कोमट बफर हलवत त्यात थोडी थोडी सोडा. पूर्ण विरघळल्यावर पीएच पुन्हा तपासा. सबस्ट्रेट स्वतःच आम्ल असल्यामुळे पीएच खाली सरकलेला असतो, तो ४.५ ते ५ वर आणा.

चाचणीत ०.९ मि.लि. सबस्ट्रेट नळीत घेऊन ४० अंशांच्या वॉटर बाथमध्ये पाच मिनिटं तापवा, ०.१ मि.लि. पातळ केलेलं एन्झाइम घाला, बरोबर १० मिनिटांनी १ मि.लि. डीएनएस टाकून क्रिया थांबवा. उकळत्या पाण्यात १० मिनिटं, थंड करा, ३ मि.लि. पाणी घाला, वाचा.

ब्लँकबद्दल आग्रहाने सांगतो. तपकिरी कच्च्या अर्कात बुरशीने आधीच मोकळी केलेली साखर भरपूर असते आणि तीही डीएनएसला रंग देते. उकळताना अल्कलीत पेक्टिनसुद्धा थोडं तुटतं. नुसत्या पाण्याचा ब्लँक लावला तर हे सगळं एन्झाइमच्या नावावर जमा होतं. खरा ब्लँक असा: तेच सबस्ट्रेट, तेवढाच वेळ, पण आधी डीएनएस आणि मग एन्झाइम. प्रत्येक नमुन्याला त्याचा स्वतःचा ब्लँक. नळ्या दुप्पट होतात, होऊ द्या.

स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेला तुलनेचा आलेख) ग्लुकोजवर काढू नका. लॅबमध्ये ग्लुकोज असतं आणि ते स्वस्त असतं, म्हणून तसं करण्याची सवय पडली आहे, पण गॅलॅक्ट्युरोनिक आम्ल डीएनएसला ग्लुकोजइतकाच रंग देत नाही. नळीत १०० ते १,००० मायक्रोग्रॅम गॅलॅक्ट्युरोनिक आम्ल घेऊन कर्व्ह काढा. बाटलीवर ‘मोनोहायड्रेट’ लिहिलं असेल तर त्याचा रेणुभार २१२ आहे, पाण्याशिवाय १९४. वजन करताना हा फरक धरा. कर्व्हच्या नळ्याही १० मिनिटंच उकळा, नमुन्यांसोबतच.

आता हिशेब. समजा २० पट पातळ केलेल्या अर्काने, ब्लँक वजा जाता, ३८८ मायक्रोग्रॅम मोकळं केलं. भागिले १९४, म्हणजे २ मायक्रोमोल. भागिले १० मिनिटं, म्हणजे ०.२. हे ०.१ मि.लि.मधून आलं, म्हणजे मि.लि.ला २. गुणिले २०, म्हणजे मूळ अर्कात मि.लि.ला ४० युनिट. एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल. नळीत सबस्ट्रेट ४.५ मिलिग्रॅम होतं, त्यातलं नऊ टक्क्यांच्या आत वापरलं गेलं. म्हणजे सबस्ट्रेटची टंचाई झाली नाही.

हेच ४० युनिट आता ‘प्रति ग्रॅम’ करून पाहा. हाती आलेल्या ८० मि.लि.वर आणि १० ग्रॅम कोंड्यावर हिशेब केला तर ३२० येतात. घातलेल्या १०० मि.लि.वर केला तर ४००. कोंड्यातलं आधीचं १५ मि.लि. पाणीही धरलं आणि भागायला ओल वजा करून ९ ग्रॅम घेतले तर ५११. एकच फ्लास्क, एकच रीडिंग, आणि तीन उत्तरं. यातलं कुठलंही चुकीचं नाही. पण कुठलं घेतलं हे लिहिलं नाही तर दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी त्याची तुलना करता येत नाही. माझं मत विचाराल तर दोन आकडे द्यावेत: बुरशीने किती बनवलं हे सांगताना एकूण द्रव आणि कोरडं वजन, आणि वापरायला किती मिळालं हे सांगताना हाती आलेला अर्क.

इतरांचे आकडे वाचताना त्यांचं युनिट मिनिटाचं आहे की तासाचं, तेही पाहा. नॅनोकॅटल या दुसऱ्या एककात असेल तर एक युनिट म्हणजे १६.६७ नॅनोकॅटल.

मोजणी बरोबर आहे का, हे तपासायला दोन सोप्या परीक्षा आहेत. तोच अर्क १०, २० आणि ४० पट पातळ करून मोजा. मूळ अर्काची क्रिया तिन्ही वेळा जवळपास सारखी आली पाहिजे. मग ५, १०, १५, २० मिनिटांचे नमुने घ्या. रेषा सरळ हवी. वाकली तर एन्झाइम जास्त झालंय, आणखी पातळ करा. या दोन्ही परीक्षा पास होईपर्यंत पुढचा कुठलाही आलेख काढू नका.

प्रथिनांसाठी ब्रॅडफर्ड पद्धत घ्या, ५९५ नॅनोमीटर, बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनच्या कर्व्हवर. लाउरी पद्धतीत सालीतली फिनॉलिक द्रव्यं रंग देतात आणि प्रथिनं फुगवून दाखवतात. क्रिया भागिले प्रथिनं म्हणजे विशिष्ट क्रिया.

किती शुद्ध करायचं

रस नितळ करण्यासाठी शुद्ध एन्झाइमची गरज नसते; उलट कच्च्या अर्कातली सेल्युलेज, हेमिसेल्युलेज मदतच करतात. तिथे घट्ट करणं पुरतं, आणि १० किलोडाल्टनचं अल्ट्राफिल्ट्रेशन त्यासाठी उत्तम. एन्झाइमचा अभ्यास करायचा असेल तर अमोनियम सल्फेट वापरा. बर्फात ठेवलेल्या १०० मि.लि. अर्काला ८० टक्के संपृक्ततेसाठी सुमारे ५२ ग्रॅम लागतं. ते चिमटीचिमटीने, फेस न आणता घाला. रात्रभर ठेवून सेंट्रिफ्यूज करा, साका थोड्या बफरमध्ये विरघळवा आणि डायलिसिस करा, बफर तीनदा बदलून. प्रत्येक पायरीला आकारमान, एकूण क्रिया, एकूण प्रथिनं, विशिष्ट क्रिया, किती पट शुद्ध झालं आणि किती टक्के हाती आलं, असा तक्ता भरत जा. एका पायरीला क्रिया निम्म्याने गेली तर वरचं पाणी फेकू नका, त्यात मोजा. पुष्कळदा ती तिथेच सापडते.

तापमान आणि पीएच

१० मिनिटांच्या चाचणीत ३० ते ७० अंशांपर्यंत क्रिया मोजली तर शिखर ५० किंवा कधी ६० अंशांना दिसतं. तेवढ्यावर ‘इष्टतम तापमान ६० अंश’ लिहून मोकळं होऊ नये. रस टाकीत तास-दीड तास राहतो. म्हणून सबस्ट्रेटशिवाय एन्झाइम ४०, ५० आणि ६० अंशांना ठेवा, दर १५ मिनिटांनी थोडं काढून बर्फात टाका आणि शिल्लक क्रिया मोजा. नायगरच्या पॉलिगॅलॅक्ट्युरोनेजची १० मिनिटांत ६० अंशांना दिसलेली चमक तासाभरात ओसरणं अगदी शक्य आहे. कारखान्याला दुसरा आलेख हवा असतो.

पीएचसाठीही तसंच. चाचणीचं शिखर ४ ते ५ च्या दरम्यान येईल, पण डाळिंबाचा, द्राक्षाचा रस ३ ते ३.५ च्या आसपास असतो. तिथे किती टक्के क्रिया उरते हा कामाचा आकडा. एक बफर सोडून दुसऱ्यावर जाताना एक पीएच दोन्ही बफरमध्ये मोजा, म्हणजे फरक बफरमुळे पडला का ते दिसेल. सबस्ट्रेटचं प्रमाण बदलून क्रियेचा वेग कसा बदलतो याचा मिखाएलिस–मेंटेन आलेख काढाल तेव्हा स्थिरांक संगणकावर थेट वक्ररेषा बसवून काढा. लाइनविव्हर–बर्कची सरळ रेषा कमी प्रमाणावरच्या सगळ्यात कच्च्या रीडिंगला सगळ्यात जास्त वजन देते.

पेक्टिन लायेज आहे का हे पाहायला मिथाइलयुक्त पेक्टिन घेऊन २३५ नॅनोमीटरला शोषण वाढतं का ते बघा. मिथाइलएस्टरेजसाठी पेक्टिनच्या द्रावणात सुटणारं आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा.

रसावर

५० मि.लि. रसाचे भाग करा. मि.लि.ला ०, ०.५, १, २ आणि ४ युनिट असे डोस घ्या. ४० युनिटच्या कच्च्या अर्काने ४ चा डोस द्यायला ५ मि.लि. अर्क ओतावा लागतो, म्हणजे रस दहा टक्के पातळ झाला. पातळ केल्यानेही रस नितळ दिसतो! म्हणून सगळ्या भागांत एकूण ५ मि.लि.च घाला: हवं तेवढं जिवंत एन्झाइम आणि उरलेलं उकळून मारलेलं एन्झाइम. अर्क आधी घट्ट का करायचा, हेही इथेच कळतं.

४५ अंशांवर ३०, ६०, ९० मिनिटं ठेवा, मग ९० अंशांना दोन-तीन मिनिटं तापवून एन्झाइम मारा. थंड करून सेंट्रिफ्यूज करा आणि ६६० नॅनोमीटरला किती टक्के प्रकाश पार जातो ते मोजा. पेक्टिन संपलं का हे अल्कोहोल चाचणी सांगते: ५ मि.लि. रसात १० मि.लि. आम्लयुक्त इथेनॉल घाला, म्हणजे ९६ टक्के इथेनॉलमध्ये १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल. हळूच उलटसुलट करा आणि १५ मिनिटं थांबा. जेलीसारखे पुंजके वर आले तर पेक्टिन बाकी आहे.

पेक्टिन चाचणी साफ आली तरी रस गढूळच दिसत असेल तर एन्झाइम वाढवत बसू नका. केळ्याच्या रसात एक थेंब आयोडीन टाका. निळा झाला तर तो स्टार्च आहे आणि त्याला अमायलेज लागेल. डाळिंबाचा गढूळपणा टॅनिन-प्रथिनांचा असू शकतो. तिथे जिलेटिन आणि बेंटोनाइटचं काम असतं. शिवाय टॅनिन एन्झाइमलाच चिकटून ते लंगडं करतं, त्यामुळे डाळिंबाला लागणारा डोस सफरचंदावरून ठरवता येत नाही.

विक्रीचा विचार असेल तर

खाद्यपदार्थांत वापरायची एन्झाइमं एफएसएसएआयच्या (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांत प्रक्रिया-सहायक म्हणून येतात आणि यादीत एन्झाइमसोबत ते कोणत्या जीवापासून मिळवलं तेही नोंदलेलं असतं. म्हणून जातीची खात्रीशीर ओळख ही पहिली अट. बुरशी महाराष्ट्रातल्या मातीतून किंवा फळावरून वेगळी केलेली असेल तर व्यावसायिक वापराआधी जैवविविधता कायद्याखाली काय करावं लागतं ते राज्य जैवविविधता मंडळाकडून समजून घ्या. त्याचं कार्यालय नागपुरातच आहे. एन्झाइमच्या मालासाठी जेईसीएफएची (एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या संयुक्त तज्ज्ञ समितीची) सर्वसाधारण मानकं अशी आहेत: शिसं किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, साल्मोनेला आणि ई. कोलाय २५ ग्रॅममध्ये आढळता कामा नयेत, कोलिफॉर्म ग्रॅमला ३० च्या वर नकोत, प्रतिजैविक क्रिया नको, आणि बुरशीजन्य मालात घातक प्रमाणात मायकोटॉक्सिन नको. या तपासण्या कॉलेजच्या लॅबमध्ये करून भागत नाहीत. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत एकाच घाण्याचे नव्हे, वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या किमान तीन घाण्यांचे नमुने पाठवा, आणि प्रत्येक नमुन्यासोबत त्याची क्रिया कोणत्या सबस्ट्रेटवर, कोणत्या पीएचला, कोणत्या तापमानाला मोजली ते लिहून द्या.